देशाबाहेरून देश मागणारे तामिळ

श्रीलंका म्हटले की आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे हात आपोआप जोडले जातात. संघमित्रेने नेलेली बोधिवृक्षाची फांदी, अनुराधपूर, कँडीचे दंतधातू विहार या गोष्टी आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. १९५० साली परमपूज्य बाबासाहेब कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच देशातील लाखो तामिळ माणसे घरदार सोडून कॅनडा, इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंडला का गेली आणि तेथे राहून ती स्वतंत्र राज्य का मागतात, असे कोणी विचारले तर आपण अडखळतो. ज्या राज्यापासून त्यांना वेगळे व्हायचे आहे, ते राज्य स्वतःच्या घटनेत बुद्धधम्माला अग्रस्थान देणारे आहे. त्यामुळे हा विषय परका म्हणून बाजूला सारता येत नाही.

२००९ च्या मे महिन्यात लिट्टेचा पाडाव झाला आणि बंदुकीचा मार्ग संपला. त्यानंतर परदेशातील तामिळांनी ठराव, मतदान, न्यायालय आणि संसद असा सनदशीर मार्ग धरला. या मार्गाने राज्य मिळू शकते काय? आमचा पिंड हिशेबनिसाचा. तेव्हा भावनेच्या भरात न जाता जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडून पाहू.

मागणी जन्मली कशी?

४ फेब्रुवारी १९४८ रोजी लंका, म्हणजे तेव्हाचे सिलोन, स्वतंत्र झाले. त्याच वर्षी नव्या सरकारने नागरिकत्वाचा कायदा केला आणि चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या सुमारे ७ लाख तामिळ मजुरांना परके ठरवले. पुढच्याच वर्षी त्यांचा मताचा हक्कही गेला. ही माणसे इंग्रजी अमलात मद्रास इलाख्यातील खेड्यांतून नेलेल्या मजुरांची मुले-नातवंडे. त्यांतील बहुसंख्य अस्पृश्य मानलेल्या जातींचे. मळ्यावर पिढ्या झिजल्या, पण कागद नाही म्हणून देश नाही! १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके या दोन पंतप्रधानांनी करार करून त्यांची वाटणी केली. सव्वापाच लाख भारताने घ्यावेत, तीन लाख लंकेने ठेवावेत, उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहू, असे ठरले. ज्यांची वाटणी होत होती त्यांना त्या बैठकीत जागा नव्हती.

उत्तर आणि पूर्व भागातील तामिळ हे तेथले शेकडो वर्षांचे रहिवासी. त्यांचे नागरिकत्व शाबूत राहिले. परंतु १९५६ साली सिंहली ही एकच राजभाषा झाली आणि सरकारी नोकरीवर ज्यांची चूल पेटत होती त्या तामिळ कारकुनांपुढे सिंहली शिका नाहीतर बढती विसरा, असा प्रसंग उभा राहिला. कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्यांना यातले दुःख निराळे समजावून सांगायला नको.

त्या वेळचे तामिळांचे पुढारी एस. जे. व्ही. चेल्वनायकम हे ख्रिस्ती धर्माचे वकील होते आणि त्यांच्यामागे चालणारा समाज बहुतांशी हिंदू होता. त्यांनी वेगळा देश मागितला नव्हता, संघराज्य मागितले होते. १९५७ साली पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांच्याशी त्यांचा करार झाला. भिक्खूंच्या एका गटाने आणि विरोधी पक्षाने गदारोळ केला, तेव्हा १९५८ साली बंदरनायके यांनीच तो मोडला. पुढच्या वर्षी एका भिक्खूनेच बंदरनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९६५ साली डडले सेनानायके यांच्याशी झालेला दुसरा करारही असाच बारगळला. १९७० नंतर विद्यापीठ प्रवेशासाठी तामिळ मुलांना जास्त गुणांची अट लागली. १९७२ च्या घटनेत सिंहलीचे स्थान पक्के झाले, बुद्धधम्माला अग्रस्थान मिळाले आणि जुन्या घटनेत अल्पसंख्याकांना जे संरक्षण होते ते गळून पडले.

चेल्वनायकम यांनी त्याच वर्षी खासदारकीचा राजीनामा दिला आणि माझ्या मतदारसंघात लोकांचे मत घेऊन पाहा, असे सरकारला आव्हान दिले. पोटनिवडणूक व्हायला १९७५ साल उजाडले. ती त्यांनी मोठ्या फरकाने जिंकली. १४ मे १९७६ रोजी वड्डुकोड्डै येथे सर्व प्रमुख तामिळ गटांच्या आघाडीने स्वतंत्र तामिळ ईलमचा ठराव केला. १९७७ च्या निवडणुकीत हाच ठराव घेऊन ही आघाडी लोकांपुढे गेली, १८ जागा जिंकून आली आणि तिचे नेते अमृतलिंगम विरोधी पक्षनेते झाले.

येथपर्यंतचा सारा लढा मतपेटीचा आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

मागणे हाच गुन्हा

१९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. हजारो पुस्तके आणि ताडपत्रे राख झाली. जुलै १९८३ मध्ये लिट्टेने १३ सैनिकांना मारल्यानंतर कोलंबोत आणि इतरत्र तामिळांची कत्तल झाली. मतदार याद्या हातात घेऊन घरे शोधली गेली आणि पेटवली गेली. यानंतर सरकारने काय करावे? ऑगस्ट १९८३ मध्ये घटनेची सहावी दुरुस्ती करून वेगळ्या राज्याचा पुरस्कार करणे हाच गुन्हा ठरवला. देशात असो वा परदेशात, तोंडाने असो वा पैशाने, वेगळे राज्य मागणाऱ्याचे नागरी हक्क जाणार आणि मालमत्ता जप्त होणार. खासदारांनी तशी शपथ घ्यावी असा नियम झाला. तामिळ आघाडीच्या खासदारांनी ती घेतली नाही आणि त्यांच्या जागा गेल्या.

ज्या मागणीसाठी लोकांनी मते दिली ती संसदेत उच्चारायचीही बंदी झाली, तेव्हा तरुण बंदुकीकडे वळले. ज्यांना जमले ते परदेशी गेले. कोणी जमीन विकून, कोणी बायकोचे दागिने मोडून दलालाला पैसे दिले. टोरांटो, लंडन, पॅरिस, झुरिक येथे त्यांनी हॉटेलांत भांडी घासली, कारखान्यांत रात्रपाळ्या केल्या, मुलांना शिकवले आणि गावी पैसे पाठवले. त्यांतला काही पैसा लिट्टेकडे गेला. तो काहींनी मनापासून दिला आणि काहींनी दारात वसुलीला आलेल्यांच्या धाकाने दिला.

बाहेरचे तामिळ काय करतात?

युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत मुल्लिवायकलच्या किनारपट्टीवर कोंडलेल्या माणसांवर तोफा चालल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली जो अहवाल दिला, त्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता मांडली आहे. त्या दुःखातून बाहेरच्या तामिळांनी जे उभे केले त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग मतदानाचा. २००९-१० मध्ये नॉर्वे, फ्रान्स, कॅनडा, स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड अशा देशांतील तामिळांनी स्वखर्चाने मतपेट्या मांडल्या आणि वड्डुकोड्डै ठरावावर पुन्हा कौल घेतला. ठिकठिकाणी ९९ टक्क्यांच्या आसपास मते ठरावाच्या बाजूने पडली. मे २०१० मध्ये अनेक देशांत निवडणूक घेऊन ‘तामिळ ईलमचे देशातीत सरकार’ स्थापन झाले. त्याची पहिली बैठक अमेरिकेच्या राज्यघटनेचे जन्मगाव असलेल्या फिलाडेल्फियात भरली. न्यूयॉर्कचे वकील विश्वनाथन रुद्रकुमारन त्याचे पंतप्रधान झाले.

दुसरा भाग त्या त्या देशाच्या राजकारणाचा. हा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहण्यासारखा आहे. टोरांटोजवळच्या स्कारबरोसारख्या भागात तामिळ वस्ती एकवटलेली आहे. जेथे वस्ती एकवटते तेथे मत एकवटते, आणि एकवटलेले मत मागायला उमेदवाराला दारात यावे लागते. २०११ साली राधिका सित्सबैसन कॅनडाच्या संसदेत निवडून जाणाऱ्या पहिल्या तामिळ ठरल्या. पुढे जाफन्यात जन्मलेले गॅरी आनंदसंगरी खासदार आणि मंत्री झाले. २०२४ साली उमा कुमारन इंग्लंडच्या संसदेत गेल्या. मे २०२२ मध्ये कॅनडाच्या लोकसभेने १८ मे हा तामिळ वंशसंहाराचा स्मृतिदिन म्हणून एकमताने मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडाने महिंद आणि गोताबाया या राजपक्षे बंधूंवर निर्बंध लावले. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडने लंकेच्या तीन माजी सेनाधिकाऱ्यांवर आणि लिट्टेतून फुटलेल्या करुणावर निर्बंध लावले. श्रीलंकेतील न्यायालयात जे झाले नाही ते परक्या देशातील मतामुळे काही अंशी झाले.

तिसरा भाग पुराव्याचा. जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत वर्षानुवर्षे साक्षी, छायाचित्रे, नावे पोचवण्याचे काम बाहेरच्या संस्थांनी केले. २०२१ च्या ठरावानंतर तेथे लंकेतील गुन्ह्यांचे पुरावे जमवून जतन करणारे स्वतंत्र दालन सुरू झाले. उद्या कोणत्याही देशात खटला उभा राहिला तर कागद तयार असावा, असा त्यामागचा हेतू. कागदाचे महत्त्व ज्यांच्या आज्यांना-पणज्यांना कागदाअभावी परके ठरवले त्यांना कोणी शिकवायला नको.

नावे बाजू

आता दुसरे पान उलटू. राज्य म्हणवून घ्यायला कायम वस्ती, ठरलेली भूमी, चालते सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची पात्रता लागते, अशी कसोटी १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात सांगितली आहे. फिलाडेल्फियात भरलेल्या सरकारकडे झेंडा आहे, मंत्री आहेत, पण भूमी नाही आणि एकाही देशाची मान्यता नाही. भारताची भूमिकाही १९८७ च्या करारापासून अखंड लंकेत तामिळांना अधिकार मिळावेत अशीच राहिली आहे. ९९ टक्के कौल मोठा खरा; पण तो टोरांटो-लंडनचा कौल आहे. किलिनोच्चीतल्या शेतकऱ्याला त्यात मत नव्हते, आणि परिणाम मात्र त्यालाच भोगायचे आहेत.

पूर्व तिमोरचे उदाहरण अनेकदा दिले जाते. १९७५ साली इंडोनेशियाने तो प्रदेश बळकावला. होझे रामोस-होर्ता परागंदा होऊन जवळजवळ २४ वर्षे देशोदेशीच्या दारांत हिंडले. पण दार उघडले ते १९९८ मध्ये सुहार्तोंची सत्ता कोसळल्यावर. ३० ऑगस्ट १९९९ रोजी खुद्द तिमोरच्या लोकांनी मत दिले, ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य निवडले आणि २००२ साली देश झाला. बाहेरच्यांनी प्रश्न जिवंत ठेवला, निकाल मात्र आतल्यांनी दिला.

कॅनडातील तामिळांच्या डोळ्यांसमोर आणखी एक उदाहरण आहे. तेथील क्वेबेक प्रांताने १९८० आणि १९९५ मध्ये वेगळे होण्यावर मतदान घेतले. दुसऱ्या वेळी विरोधात ५०.५८ टक्के आणि बाजूने ४९.४२ टक्के मते पडली. वेगळे होऊ पाहणाऱ्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही, आणि हरलेल्यांनी हत्यार उचलले नाही. मागणीला कायद्यात जागा होती म्हणून निकालही पचला.

लंकेत अशी जागा थोडी तरी उरली आहे काय? २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने संघराज्य मागणे म्हणजे फुटीरपणा नव्हे, असा निर्णय दिला. म्हणजे चेल्वनायकम यांनी सुरुवातीला जे मागितले होते ते मागणे आज गुन्हा नाही. १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक मंडळे दिली, पण जमीन आणि पोलीस यांचे अधिकार कोलंबोने प्रत्यक्षात हातचे सोडले नाहीत. उत्तर प्रांताची पहिली निवडणूक व्हायला २०१३ साल लागले, आणि मुदत संपल्यावर पुढची निवडणूक वर्षानुवर्षे रखडली. परदेशातील तामिळांची ताकद या एका मागणीमागे, या एका निवडणुकीमागे लागली तर तिचे वजन किती पडेल, याचा विचार त्यांच्याच पुढाऱ्यांनी करावा असे आम्हांला वाटते.

राज्य झालेच तर कोणाचे?

हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? ज्या जाफन्यासाठी लढा झाला तेथे वेल्लाळ जातीचा वरचष्मा होता. १९६८ साली माविड्डपुरमच्या मंदिरात प्रवेशासाठी दलित तामिळांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांना दारात अडवणारे सिंहली नव्हते, तामिळच होते. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तरेतील ७० हजारांहून अधिक मुस्लिमांना काही तासांच्या मुदतीने घराबाहेर काढले. त्यांचीही मातृभाषा तामिळच. अमृतलिंगम यांनाही १९८९ साली लिट्टेच्याच माणसांनी गोळ्या घातल्या. शाळकरी मुलांच्या हाती बंदुका दिल्या. मळ्यातल्या मजुरांना तर ईलमच्या नकाशात जागाच नव्हती. २०१२ च्या जनगणनेत शंभरात सुमारे ७५ सिंहली, ११ लंकेचे तामिळ, ९ मुस्लिम आणि ४ मळ्यांतले तामिळ होते. पूर्व प्रांतात तर तिघेही शेजारी-शेजारी राहतात. तेथे रेषा कोठेही ओढा, कोणीतरी नवा अल्पसंख्याक होणारच. त्याला काय हमी देणार, हे जो लिहून देत नाही त्याच्या राज्यावर दुबळ्याने विश्वास ठेवू नये.

याची जाण काहींना आली आहे. एप्रिल २०२३ मध्ये नेपाळातील नगरकोट येथे जागतिक तामिळ मंच आणि लंकेतील काही भिक्खू एकत्र बसले आणि अखंड देशात सत्तेची वाटणी, समान नागरिकत्व व जबाबदारीचा स्वीकार अशा मुद्द्यांवर त्यांनी संयुक्त निवेदन काढले. परदेशातील अनेक तामिळ संस्थांनी त्यावर कडक टीका केली. आम्हांला विचारून कोणी सह्या केल्या, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. तरीही १९५७ चा करार मोडायला जे चीवर रस्त्यावर आले होते, तेच चीवर बोलणीसाठी तामिळांसमोर बसले, ही गोष्ट लहान नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत जाफना जिल्ह्यात अनुरा कुमार दिसानायके यांच्या आघाडीला सर्वांत जास्त जागा मिळाल्या. दक्षिणेतल्या पक्षाला तेथे असे यश कधी मिळाले नव्हते. पुढच्याच वर्षी स्थानिक निवडणुकांत तामिळ पक्षांनी आपली ताकद बरीचशी परत मिळवली. आतला माणूस कोणाच्या खिशात नाही, तो दर वेळी तोलून मत देतो, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

आपला संबंध काय?

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिताना अल्पसंख्याकांचे संरक्षण बहुसंख्याकांच्या मेहेरबानीवर न सोडता घटनेतच लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. राजकीय बहुमत निवडणुकीगणिक बदलते, परंतु जन्माने ठरलेले बहुमत कधीच बदलत नाही. म्हणून अशा बहुमताच्या हाती सारी सत्ता देणे धोक्याचे, अशी त्यांची मांडणी होती. लंकेत १९४८ पासून जे घडले ते या मांडणीच्या कसोटीवर घासून पाहा. तेथील बहुमत बौद्ध आहे म्हणून कसोटी सैल करता येणार नाही. धम्माच्या नावाने दुसऱ्याची भाषा आणि मत हिरावले जात असेल, तर त्यावर पहिला आक्षेप बौद्धांनीच घ्यायला हवा.

त्याच वेळी, अन्याय झाला म्हणून लिट्टेच्या खुनांवर पांघरूण घालणेही आम्हांला मान्य नाही. दोन्ही गोष्टी आपल्या घरात, आपल्या मुलांसमोर स्पष्ट बोलल्या पाहिजेत.

आमचा हिशेब असा जुळतो. परदेशातील तामिळांना राज्य बाहेरून आणता येणार नाही. मागणी मागण्याचा हक्क, मेलेल्यांची मोजदाद, प्रांतिक निवडणूक आणि जमिनीचा अधिकार यांसाठी मात्र ते जगाला हलवू शकतात, आणि हलवले आहे. यातून पुढे संघराज्य निघेल की वेगळे राज्य, हे उत्तर-पूर्वेतील तामिळ, मुस्लिम आणि सिंहली रहिवाशांनी मोकळ्या मनाने ठरवायचे आहे. तसे ठरवता यावे म्हणून सहावी दुरुस्ती आधी जायला हवी.

फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्ची आणि वावुनिया येथे बेपत्ता झालेल्यांच्या आया मांडवात धरणे धरून बसल्या. हातात मुलाचा फोटो. युद्धाच्या शेवटी स्वतःच्या हाताने सैन्याच्या स्वाधीन केलेल्या मुलांचे काय झाले, एवढेच त्या विचारतात. कित्येक जणी उत्तर न मिळताच गेल्या. लंकेहून भिक्खू आपल्याकडे धम्म परिषदांना येतात, आपण त्यांना भोजनदान देतो, त्यांच्यासमोर वंदना घेतो. पुढच्या वेळी वंदना झाल्यावर, पूर्ण आदराने, त्यांना या आयांबद्दल विचारावे. एका विहारात एकाने विचारले तरी पुरे, दुसरा आपोआप विचारील.